तुपाचा डबा

कन्नड, ३ मार्च

चि. विशाखास आईचा जयभीम, लई आशीर्वाद.

तू फोन उचलत नायस, म्हणून आपल्या संघपालच्या एसटीतून चिठ्ठी धाडते. कंडक्टर भाऊ असल्याचा एवढा तरी उपेग!

काल साहेबराव म्हणून एक माणूस जीपमधून आला. पोलीस मॅडमच्या आईला, म्हणून डबाभर तूप ठेवून गेला. तुझा पगार तीन महिने झाला नाय, हे बी त्यानंच सांगितलं. परक्याला ठावं अन् जन्मदात्या आईला नाय, व्हय गं? तूप मी गाडग्यात काढलं, चमचाभर खाल्लं बी. डबा रिकामा कसा द्यावा? कुरडया भरून ठेवल्यात. बाजाराच्या दिवशी तो न्यायला येणार हाय.

जेवत जा. माया ऱ्हाऊ दे.

तुझी आई पारूबाई

गारखेडा, ५ मार्च

ती. आईस जयभीम.

चिठ्ठी मिळाली. अगं, साहेबरावाचे चोरट्या वाळूचे हायवा ट्रक मीच धरलेत. बारा तारखेला कोर्टात माझी साक्ष आहे.

वाळूचोरी धरणाऱ्या आमच्या पथकाची पदं तात्पुरती. मुदतवाढीचा कागद वरून आला नाही की पगार अडतो. पदं कायम करा, पगाराची हमी द्या, असा अर्ज आम्ही कधीचा केलाय. तोवर साहेबराव पथकातल्यांच्या घरोघर फिरतोय. एकाचा किराणा भरला, एकाच्या पोरीची फी. ते दोघंही साक्षीदार, पण त्यांना आता ट्रक धरल्याचं काहीच आठवत नाही म्हणे. चौकीत कुणाचा कान कुणाकडं, कळत नाही, म्हणून फोन घेत नाही.

आई, मला लई भीती वाटते. त्याची वाटते, त्याहून जास्त माझी. परवा दुकानदारानं उधारी बंद केली, तेव्हा क्षणभर त्या दोघांचा हेवा वाटला गं.

तुझ्या कुरडया त्याच्या घरी गेल्या, तर मॅडमशी घरोबा आहे, असं तो तालुकाभर सांगेल. त्याचं तूप त्याला दे. आपलं काही घालू नको. रागावू नकोस.

तुझी विशाखा

कन्नड, ९ मार्च

चि. विशाखास जयभीम.

दिला डबा. त्याचंच तूप, चमचाभर कमी. कुरडया काढून घेतल्या. दारात आलेल्या माणसाला पाणी बी इचारलं नाय, जन्मात पहिल्यांदा. तो हसला. मॅडम कोर्टाच्या कोणत्या गेटानं निघतात ते आपल्याला ठावं हाय, असं म्हणून गेला.

साक्ष देऊ नको, असं लिहिलं व्हतं. ती चिठ्ठी फाडली. ही दुसरी. देतीस तर दे, पोरी, पण एकटी जाऊ नको. संघपाल रजा टाकून येतोय.

तुझी आई

गारखेडा, १२ मार्च

ती. आईस जयभीम.

साक्ष दिली. सगळं सांगितलं. ते दोघं मान खाली घालून बसले होते. संघपालनं मला दुसऱ्या गेटानं बाहेर काढलं. साहेबराव तिथंही उभा होता. नुसता बघत राहिला.

पगाराचा कागद अजून आलेला नाही. त्या कुरडया मात्र संघपालबरोबर माझ्याकडं धाड. घरात तळण्यापुरतं तेल आहे, बाकी डबे रिकामे आहेत.

माया असू दे. दाराला आतून कडी लावत जा.

तुझी विशाखा