याहून दाट ऑईल वापरू नये

बाबा,

डॉक्टरबाई उद्या माझ्या भाषणाला येणार आहेत. आयोजकांचा सकाळी फोन आला होता. मोठ्या आनंदाने सांगत होते की विश्रांतवाडीतल्या त्या जुन्या डॉक्टरबाई, वय ऐंशीच्या पुढे, काठी घेऊन चालतात, पण म्हणाल्या, त्या मेकॅनिकची मुलगी बोलणार असेल तर मी येते, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. मी 'वा, छानच' म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या वर्षांत मी मंत्र्यांसमोर बोलले, काठ्या घेऊन उभ्या असलेल्या पोलिसांसमोर बोलले, मला खाली बसवायला आलेल्या माणसांसमोर बोलले, आणि कधी अडखळले नाही. आता दुपारचे तीन वाजलेत, मी घरात एकटी बसले आहे, आणि एका म्हातारीला मी घाबरते आहे.

उद्या मी तुमचीच गोष्ट सांगणार आहे. ती मी नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत सांगितली आहे. एक मेकॅनिक एका जपानी गाडीत चुकीचं ऑईल घालतो. गाडी रस्त्यात बंद पडते. दुसरा कुणी असता तर त्याने गाडीला दोष दिला असता, पेट्रोलला दिला असता, रस्त्याला दिला असता. हा माणूस मालकिणीसमोर ऑईलचा डबा हातात धरून उभा राहतो आणि म्हणतो, चूक माझी. इथे मी थांबते. मग सभागृहाला विचारते की गेल्या तीस वर्षांत कुठल्या सरकारने, कुठल्या कंपनीने हे दोन शब्द उच्चारले? टाळ्या पडतात. लोक डोळे पुसतात. यातला एकही शब्द खोटा नाही, बाबा. फक्त चूक कुणाची होती ते मी सांगत नाही.

आपली शेड आळंदी रोडवर, पत्र्याची, आणि तिच्या मागे आपल्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची आणि शेडची भिंत एकच. आई पोळ्या लाटत असायची, पलीकडे तुमच्या हातातून पाना निसटायचा, आणि ती न बघता म्हणायची, चौदा-पंधराचा पडला. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी येत नव्हतं, पण मला यावं म्हणून रद्दीवाल्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे आणायचात, आत काय आहे हे न बघता. त्यामुळे मी पंधराव्या वर्षी शेतीखात्याचे अहवाल, रशियन कादंबऱ्यांची भाषांतरं आणि शिवणयंत्रांची माहितीपत्रकं सारख्याच भुकेने वाचली. जयंतीला विहारासमोरच्या स्टेजवर मी बोलायचे, तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसायचा नाहीत. मंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाला टेकून उभे राहायचात आणि घरी आल्यावर एवढंच म्हणायचात, 'मागपर्यंत आलं.' त्या दोन शब्दांसाठी मी आठ-आठ दिवस पाठांतर करत असे.

ते दिवस खाउजाचे होते. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, हे तीन शब्द एका दमात उच्चारून मी कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धांमधून ढाली आणत होते. परदेशी कंपन्या आधी वस्तू देतात, मग त्या वस्तूची गरज देतात आणि शेवटी तुमच्याच हातातली अक्कल काढून घेतात, असं मी म्हणायचे. आजही म्हणते, आणि आजही मला ते खरं वाटतं. त्याच सुमारास समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी जपानी बनावटीची एक जुनी गाडी घेतली आणि तुमच्याकडे पाहायला दिली. तुम्ही बॉनेट उघडलंत, इंजिन सुरू केलंत आणि बराच वेळ नुसते उभे राहिलात. मला हाक मारून म्हणालात, बघ, चालू आहे ते कळतसुद्धा नाही. तुमच्या हाताखालून तोवर गेलेल्या सगळ्या गाड्या कुरकुरणाऱ्या, धापा टाकणाऱ्या. त्या सगळ्यांना तुम्ही एकच दाट ऑईल घालायचात, डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं. दोन बोटांत चोळून बघायचात आणि म्हणायचात, असं अंग धरणारं पाहिजे. पण या गाडीपाशी तुम्ही थबकलात. हे इंजिन बोलत नाही, म्हणालात, याला काय लागतं ते विचारूनच घ्यायला पाहिजे. आणि गाडीच्या कप्प्यातलं इंग्रजी पुस्तक हात पुसून माझ्याकडे दिलंत.

मी शेडमधल्या स्टुलावर बसून ते वाचलं. ते पान मला आजही दिसतं. तपमानाची आडवी पट्टी, तिच्यावर वेगवेगळ्या ऑईलच्या रेघा, १०डब्ल्यू-३० सगळ्यात ठळक. आकडा जितका लहान तितकं ऑईल पातळ, हे पुस्तकानेच समजावलं होतं. खाली लिहिलं होतं की या इंजिनात फटी फार बारीक आहेत, याहून दाट ऑईल वापरू नये, थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. मला ते वाक्य पूर्ण समजलं. आणि समजल्याबरोबर राग आला. ते पातळ ऑईल तेव्हा शहरात एक-दोनच ठिकाणी मिळायचं, बाहेरून आलेल्या सीलबंद डब्यात. मला वाटलं, हेच ते. हाच तो सापळा. आधी गाडी, मग तिचं ऑईल, मग माझ्या बापाची दोन बोटं निकामी. तुम्ही विचारलंत, काय म्हणतंय पुस्तक? मी म्हणाले, आपलं नेहमीचं चालेल. आवाज असा लागला होता की स्वतःलाच खरं वाटलं. तुम्ही मान हलवलीत आणि डबा उघडलात.

थंडी पडली. सकाळी सातला मी चहा टाकते, समोर दवाखान्याच्या आवारात डॉक्टरबाई गाडी सुरू करतात, आणि भिंतीपलीकडून आवाज येतो. टक टक टक टक. पहिल्या दिवशी तीन-चार सेकंद. मी मोजले. मला ते वाक्य पाठ होतं, वरच्या भागांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. पुढच्या आठवड्यात दहा सेकंद. मग वीस. चहा उतू जायचा आणि आई ओरडायची. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं कानाला लावून ऐकत उभे राहायचात, डॉक्टर छातीचं ऐकतात तसे. प्लग बदललेत, टॅपेट तपासलेत, पट्टे काढून पुन्हा लावलेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'अहो, तुमच्याकडे येण्याआधी ही गाडी मुकी होती. तुम्ही हिला बोलायला शिकवलंत की काय?' तुम्ही हसलात. मी चुलीपाशी उतू गेलेला चहा पुसत होते. तुमचा मुलीवर विश्वास होता, म्हणून तुम्ही ऑईल सोडून बाकी सगळं तपासत होतात.

जानेवारीतल्या एका सकाळी आळंदीच्या पुढच्या एका वस्तीवरून निरोप आला. बाई अडली होती. डॉक्टरबाई स्वतःच गाडी घेऊन गेल्या, तिला आणायला. त्या दिवशी तो आवाज थांबलाच नाही. गाडी रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली, तरी तो ऐकू येत होता. त्या नऊपर्यंत परत यायला हव्या होत्या. साडेनऊला दवाखान्यातली नर्स रस्त्यावर येऊन उभी राहिली. दहाला तिने आपल्या शेडमध्ये येऊन विचारलं की गाडी ठीक होती ना. मोबाइल कुणाकडे होते तेव्हा? त्याच दिवशी माझी स्पर्धा होती, परकीय गुंतवणूक शाप की वरदान. साडी नेसून तयार होते. दारात उभं राहून भाषणाचं पहिलं वाक्य आठवायला गेले आणि ते आलं नाही. दुसरंही नाही. तोंडाशी एकच वाक्य येत होतं, आणि ते इंग्रजी होतं, आणि त्या पुस्तकातलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, जा तू, उशीर होईल. मी गेले नाही.

पावणेबाराला शेजारच्या टेलिफोन बूथवर डॉक्टरबाईंचा फोन आला. गाडीतला ऑईलचा लाल दिवा लागला, मग इंजिन जाम झालं. मागच्या सीटवर ती बाई. शेवटी एका दुधाच्या गाडीने त्यांना वाटेतल्या दवाखान्यात नेलं. बाई वाचली. बाळही वाचलं. पण डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या ते नर्सने जसंच्या तसं येऊन सांगितलं. बाळ उशिरा रडलं.

तुम्ही गाडी दोरीने ओढून आणलीत. इंजिन उघडलंत, वरच्या भागातल्या कॅमशाफ्टवर चरे पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दहिवर पडलेलं असताना, तुम्ही शहरातून आणलेलं पातळ ऑईल आणि आपलं नेहमीचं, असे रात्रभर उघड्यावर ठेवलेले दोन डबे एकदमच तिरके केलेत. एक पाण्यासारखं धावलं. दुसरं काठाशी जाड होऊन थांबलं. तुम्ही ते बघत राहिलात. पुस्तक मागितलं नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणालात, 'लिहिलेलं आधी वाचावं. आपलं म्हणणं मागाहून.' आयुष्यात तुम्ही मला एवढंच रागावलात. तासाभराने डॉक्टरबाई आल्या आणि तुम्ही डबा हातात धरून म्हणालात, चूक माझी. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. म्हणाल्या, 'बरं. कळली ना? मग गाडी नीट करा.'

गाडी नीट झाली, पण पुढच्या वेळेपासून ती कंपनीच्या वर्कशॉपला जाऊ लागली. रोज सकाळी आपल्या दारावरून जायची, काही न बोलता. त्यानंतर तुम्ही जपानी गाडी हातात घेतलीच नाहीत. आयटीवाले आले, विमाननगर, खराडी उभं राहिलं, रस्ता त्याच गाड्यांनी भरून गेला, आणि तुम्ही रिक्षा आणि जुन्या स्कूटर करत शेडमध्ये बसून राहिलात. कुणी जपानी गाडी आणली की म्हणायचात, ते आपल्याला येत नाही. येत होतं. मी सांगते, तुमच्याइतकं कुणाला येत नव्हतं. आणि ज्या दोन शब्दांना प्रामाणिकपणा म्हणून मी गावोगाव टाळ्या मिळवल्या, ते तुम्ही माझ्यासाठी बोललेलं खोटं होतं. मी स्वतःला समजावते की गाडी जुनी होती, आत आधीच गाळ असेल. असेलही. पण माझ्या सभांना आता आयटीतली मुलं-मुली येतात, आणि त्यांच्यात तिशीच्या आसपासचा चेहरा दिसला की मी नजर काढून घेते. ते बाळ पुढे कसं झालं, चाललं का, बोललं का, मी कधी विचारलं नाही. रस्ता ओलांडला की दवाखाना होता. डॉक्टरबाईंना माहीत असणार. उद्या त्या सांगतील, किंवा त्याहून वाईट, काहीच न सांगता ऐकत बसतील.

आज सकाळपासून मी ठरवते आहे की उद्या सगळं खरं सांगायचं. दोन पानं लिहिलीही. मग वाचून पाहिली, तर कबुलीनंतर कुठे थांबायचं ते मी समासात लिहून ठेवलं होतं. टाळ्यांसाठी. ती पानं फाडली. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे टाळ्यांचा प्रश्न नाही.

तरीसुद्धा वर एक सकाळ मी गाळलीच, बाबा. डिसेंबरातली. आवाज वीस सेकंदांवर गेला होता. सगळं तपासून झाल्यावर तुम्ही हात पुसलेत, पुस्तक घेऊन आत आलात, आणि पोरीला राग येऊ नये अशा बेताने म्हणालात, 'ऑईलचं तेवढं परत एकदा वाचतेस का? माझीच ऐकण्यात चूक झाली असेल.' मी पान उघडलं. ते वाक्य तिथेच होतं. मी म्हणाले, बरोबर ऐकलंत, तेच लिहिलंय. तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि उगाच त्रास दिला म्हणून माझ्याकडे बघून कसंनुसं हसलात.