जगाला अर्पण केलेलं घोरणं

ती. काकांस,

मान खाली घालून नमस्कार. (एरवी रीत म्हणून घालतो, आज वर करवत नाही म्हणून.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूची तब्येत? फोन केला की काकू म्हणते, "ते झोपलेत," आणि मागून तुमचं रागीट खोकणं ऐकू येतं. म्हणून सगळं लिहूनच सांगतो.

झोपेत कुणाचा श्वास अडकतोय का, हे फोनवर ओळखणारा एक फुकटचा प्रोग्राम आहे. ओपन सोर्स. म्हणजे कुणीही यावं, त्यात भर घालावी आणि घातलेली भर साऱ्या जगानं उघडून पाहावी. (हे शेवटचं मी विसरलो.) त्याला घोरणं ओळखणारा मशीन लर्निंगचा अल्गोरिदम द्यायची मला हुक्की आली. असला अल्गोरिदम नमुने ऐकूनच शिकतो, आणि काकू तर नेहमी सांगते की घरात घोरणारे एकटे तुम्हीच. म्हणून त्या दुपारी तुमच्याकडे जेवल्यावर, झोपायच्या खोलीच्या बंद दाराशी फोन चार्जिंगला लावल्याचं सोंग केलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कोपऱ्यावर चहाला गेलो. आवाज असा काही मिळाला की मला आनंद आवरेना! त्यातलाच एक जोरकस तुकडा अल्गोरिदमकडून घोकून घेतला, अख्ख्या रेकॉर्डिंगच्या फाईलला 'काका, दुपार, राक्षसी' असं नाव दिलं आणि सगळं पाठवून दिलं. निकालाची वाट न बघता आत्याकडे सत्कारही करून घेतला. (भाषणात 'मानवजात' हा शब्द आला होता. आठवलं की कान तापतात.)

तपासणीत माझ्या अल्गोरिदमनं बाकी सगळ्या माणसांच्या घोरण्याला 'शांतता' ठरवलं. देखरेख करणाऱ्या बाईंनी सर्वांदेखत लिहिलं, "याला घोरणं ओळखता येत नाही, फक्त तुमचे काका ओळखता येतात." मग जो तो फाईल ऐकू लागला. कुणी ती गजर म्हणून लावली. त्याच प्रोग्रामवर काम करणाऱ्या तुमच्या साहेबांच्या मुलीनं माझ्या आडनावावरून ताडलं, साहेबांना ऐकवली, आणि साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या ऑफिसला. तुम्ही त्या दिवशी डबा न उघडताच घरी आलात, हे काकूकडून कळलं तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं. तुम्हाला न विचारता तुमची झोप चव्हाट्यावर मांडली, काका. माफी मागायलाही जीभ रेटत नाही.

त्या गर्दीत एका डॉक्टरांनी मात्र गंभीरपणे लिहिलंय, की मध्येमध्ये श्वास थांबतोय, या माणसाला लवकर दाखवा. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण जाऊन या.

तुमचा (अजून म्हणवत असेल तर) पुतण्या

ता. क. फाईल काढून टाकली. काढण्याआधी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. शेवटी बेल वाजते आणि बाहेरून तुमचा आवाज येतो, "अगं, दार उघड, किल्ली विसरलोय." घोरणं चालूच राहतं.

पुन्हा ता. क. तेव्हा डॉक्टरांकडे काकूला न्यायचंय. आपण घोरतो हे तिला पटणार नाही आणि सांगायची माझी छाती नाही. तपासणी तुमचीच आहे, एकट्यानं जायची भीती वाटते, असं सांगून तिला सोबत न्या आणि तिथे डॉक्टरांना हळूच खरं सांगा. ऑफिसात मात्र, एवढी कृपा करा, अजून थोडे दिवस तुम्हीच घोरत राहा.