टाकीतलं दोन खुणा पेट्रोल

अण्णा,

दिवाळीत तुमची गाडी सुरू झाली. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं ऐकायला तुम्ही थांबला नसतात. तुम्ही गेल्यापासून वीसेक वर्षं ती गोठ्याशेजारच्या खोलीत कोरड्या टाकीने उभी होती. गावातल्या मिस्त्रीने दोन दिवस खटपट केली, कार्बोरेटर खोलून धुतला, आणि तिसऱ्या दिवशी तुमची शंभर सीसी खोकत खोकत बोलायला लागली. मी ती हायवेपर्यंत नेऊन आणली. साडी नेसून नाही, घाबरू नका. हायवेवरच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून नगरच ओरडतो. मी तिथेच राहते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कोल्हारला येऊन घर उघडते. गाडी महिना महिना उभी राहणार, म्हणून मी तिला तुमच्या पद्धतीने ठेवायचं ठरवलं.

तुमची पद्धत मला पाठ आहे. मृग लागला की दूध संघ तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या शीतकरण केंद्रावर धाडायचा, दसऱ्यापर्यंत. तिकडच्या पावसात आणि चिखलात गाडी कुजेल म्हणून तुम्ही ती घरी ठेवायचात आणि स्वतः एसटीने, पुढे जीपने लटकत जायचात. जाण्याआधीचा रविवार गाडीचा असायचा. धुऊन, फडक्याने पुसून, उन्हात वाळवायची. चेन रॉकेल लावून जुन्या दातब्रशने घासायची आणि मग तिला ऑइल. प्लग काढून आत एक चमचा ऑइल सोडायचं आणि दोन किका हळूच मारायच्या. मधल्या स्टँडखाली फळी, पुढच्या चाकाखाली हवा, सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी बोळा, सीटवर गोणपाट. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरायची, रिकामी टाकी आतून गंजते म्हणून. मग पेट्रोलचा कॉक बंद करून तुम्ही ती काडी टाकीत बुडवायचात. कडुलिंबाची, साल काढलेली, चाकूने खुणा केलेली काडी. दुधात लॅक्टोमीटर सोडताना तुमचे डोळे जसे बारीक व्हायचे, तसेच तेव्हाही व्हायचे.

तुम्ही दुधाचे टेस्टर होतात आणि घरी आल्यावरही टेस्टरच असायचात. आईने चहात साखर कमी घातली तरी 'कुठंतरी पाणी मुरतंय' म्हणायचात. डेअरीवर एक म्हातारा काकुळतीला येऊन सांगत होता की म्हैसच पाणी जास्त पिते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हशीनं पिलेलं पाणी कासंत येत न्हाई. बादलीतलं येतं." सगळी रांग हसली. म्हातारा कॅन उचलून गेला. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता, आणि आज त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवला की कसंतरी होतं. तपकिरीने तुमचं नाक कामातून गेलं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला टाकीवर बसवून डेअरीवर न्यायचात. कॅनचं झाकण उघडलं की मी वाकून हुंगायची आणि आंबूस वास आला तर मान हलवायची. मी नऊ वर्षांची होते. चार गावांचं दूध माझ्या नाकावर पास-नापास होतं, असं मला वाटायचं. "नाक लई तिखट हाय हिचं," तुम्ही सगळ्यांना सांगायचात. शाळेत मला कोणी कशाबद्दल शाबासकी दिली नव्हती, नाकाबद्दल मात्र तुम्ही दिलीत.

तर या जानेवारीत मी आले आणि तुमची काडी टाकीत बुडवली. दोन खुणा कमी.

अण्णा, तुमचं रक्त. मी लगेच जमीन पाहिली, कोरडी. टाकीचं झाकण पाहिलं, कुलूप जागच्या जागी. मग माझी नजर अंगण दुभागणाऱ्या पत्र्याकडे गेली. काका अजून पलीकडे राहतात. पंच्याहत्तरी ओलांडली, गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांची सून स्कूटीवरून डेअरीत दूध घालायला जाते. स्कूटीला पेट्रोल लागतंच. कॉकखालचा पाइप काढून पेट्रोल ओढून घ्यायला किती वेळ लागतो, असं मनात आलं आणि आलं की मग घर करून राहिलं. तिने मागच्या महिन्यात 'ताई, किल्ली ठिवून जा, मी झाडून घीन' म्हटलं होतं, त्याचाही आता मला दुसरा अर्थ लागायला लागला. मी टाकी पुन्हा भरली, गाडीभोवती जमिनीवर रांगोळीची पूड पसरली, टाकीच्या झाकणाला काळा दोरा बांधला आणि नगरला गेले. महिनाभर शाळेत पेपर तपासताना माझ्या डोळ्यांपुढे ती रांगोळी होती.

फेब्रुवारीत आले. रांगोळीवर एका पालीच्या पावलांशिवाय काही नाही. दोरा तसाच. काडी बुडवली, दोन खुणा कमी. आणि मी काय विचार केला असेल? रांगोळी झाडून पुन्हा पसरली असणार. हुशार आहे ती. हे शब्द मनात आले आणि मी तिथेच थबकले, कारण ते माझे नव्हते. ते तुमचे होते, त्या दसऱ्याचे.

पण थबकले तरी थांबले नाही, हेही खरं सांगते. पत्र्यापाशी जाऊन मी सुनेला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. माझ्या तोंडून निघालं, "हात पुढं कर."

तिने दोन्ही हात ओंजळ करून पुढे केले आणि हसून म्हणाली, "काय ताई, परसाद हाय का?"

घरात प्रसाद नव्हता. मी आत जाऊन डब्यातला शेंगदाण्याचा लाडू आणला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. 

त्या दसऱ्याची खंडेनवमी होती. तुम्ही अकोल्याहून आदल्या दिवशी आलात. गाडीची पूजा करायची म्हणून आईने झेंडूची माळ करून ठेवलेली. तुम्ही आधी काडी बुडवलीत आणि तुमचा चेहरा आवळला. किलोमीटरचा आकडा पाहिलात, तो तुम्ही वहीत लिहून गेला होतात तेवढाच होता. आई म्हणाली, "बघा, हाललीसुदा न्हाई." तुम्ही म्हणालात, "मीटरची केबल सोडून चालवली आसंल. हुशार हाय त्यो." मग इंजिनातलं ऑइल डब्यात काढलंत, दोन बोटांत घेऊन चोळलंत. पातळ झालं होतं. तुम्हाला तेवढंच हवं होतं. पातळ ऑइल म्हणजे गाडी पळवलेली. खोलीची किल्ली काकांकडे, त्यांचा विळा आणि कडबा तिथेच असायचा. सगळं जुळलं. काका तेव्हा घास कापून भारा टाकून नुकतेच आले होते. तुम्ही त्यांना बोलावलंत. "हात पुढं कर," म्हणालात. त्यांना वाटलं पूजेचं काही आहे. त्यांनी हसत हात पुढे केला. तुम्ही माझ्याकडे वळलात. "हुंग गं. येतो का पेट्रोलचा वास?"

मी वाकले. तो हात अजून माझ्यासमोर आहे, नखांत हिरवं, अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण. मी म्हणाले, "येतो."

काकांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विळा आणि कडबा उचलला. दिवाळीच्या आत तुम्ही अंगणात पत्रा ठोकलात. आई आणि काकू त्या पत्र्याच्या फटीतून विरजण द्यायच्या, घ्यायच्या. तुम्ही दोघे भाऊ मात्र पुन्हा बोलला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा काकांनी खांदा दिला आणि अंघोळ करून पत्र्यापलीकडे गेले. मला आठवतं, त्या दसऱ्याच्या संध्याकाळी तुम्ही मला गाडीवरून हायवेला नेऊन भेळ खायला घातलीत. मधूनच म्हणालात, "तुझ्यामुळं चोर घावला." भेळ तिखट होती. मी सगळी खाल्ली.

लाडू दिल्यावर मी खोलीत गेले आणि इंजिनाची ऑइलची काडी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. गाडी उभी असताना ऑइल वाढतं कसं? मी ती नाकाशी नेली. अण्णा, इतका उघड वास होता. लहान मूलही सांगेल इतका. मिस्त्रीला बोलावलं. त्याच्यावरही संशय होताच, म्हणून समोर उभी राहिले. त्याने कॉक काढून त्यातला रबरी वायसर तळहातावर घेतला, तो दगडासारखा कडक झालेला. "ह्यो कंपनीतनं आलेला वायसर हाय, ताई. कधी बदललाच न्हाई. कॉक बंद केला तरी झिरपतंय. कार्बोरेटर भरला की सरळ इंजनात. खाली एक थेंब पडायचा न्हाई. टाकी गच्च भरून उभी केली तर लईच." दिवाळीत हा का नाही सापडला, विचारलं तर म्हणाला, "तुमी गाडी सुरू कराया सांगितलं व्हतं, उबी कराया न्हाई."

तुम्ही आयुष्यभर लोकांच्या दुधातलं पाणी ओळखलंत आणि स्वतःच्या ऑइलमधलं पेट्रोल तुमच्या बोटांवर होतं ते ओळखलं नाहीत. तुमचं नाक चालत नव्हतं हे खरं. पण नाक शेजारी उभं होतं. ते ऑइल हुंगायला तुम्ही मला सांगितलं नाहीत, माणूस हुंगायला सांगितलंत. मला याचा राग येतो, आणि राग आला की वाटतं, तुम्ही समोर असायला हवे होतात.

ते ऑइल मी बाटलीत भरलं आणि पत्र्याला वळसा घालून काकांकडे गेले. ते बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं, वायसर दाखवला, बाटली दिली. त्यांनी बूच काढून हुंगलं, मला परत दिली, पुन्हा मागून घेतली आणि पुन्हा हुंगलं.

"म्हंजी गाडीच पीत व्हती म्हन की," ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. सुनेने पाणी आणून दिलं. मग त्यांनी पुढची शेंग उचलली. "दादाला हे कळाया पायजे व्हतं," म्हणाले. "लई हळहळला आसता. वरून काय बोलला नसता, पर हळहळला आसता."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, वायसर बोटात फिरवत. "मंग माझ्या हाताला वास कसा काय आला गं?"

मी म्हणाले, "गाडी पुसली असेल तुम्ही कधी. तेव्हा लागला असेल."

"आसंल," ते म्हणाले. "मी दोन दिस हात हुंगत व्हतो. साबनानं धुतला, राखंनं घासला. तुजी काकू म्हनायची, याड लागलं का. मला तर काय आला न्हाई. पर तुजं नाक लई तिखट. दादा म्हनायचा ना." आणि मूठभर शेंगा माझ्या हातात घातल्या.

नवा वायसर बसवला. टाकी अर्धीच ठेवलीय, मिस्त्रीने तसं सांगितलं. ही कडुलिंबाची काडी आणि हे पत्र मी गाडीच्या बाजूच्या झाकणात, तुमच्या पान्यांशेजारी ठेवणार आहे. तिथे कोणी हात घालणार नाही, म्हणजे मी तरी तसं धरून चालते. आता पुढे लिहिते ते खरं तर पत्र्यापलीकडे जाऊन बोलायचं आहे. उरलेले रविवार मोजकेच आहेत, काकांचेही. पण त्यांच्यासमोर जीभ उचलली नाही, आणि तुम्ही आता मला काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात, अण्णा. माझ्या नाकाकडे. त्या दिवशी काकांच्या हाताला ओल्या घासाचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही.