योसेफाच्या खालचा रिकामा चौकोन

तीर्थस्वरूप सासूबाईंना जावयाचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचा खोकला थांबला का? तुमची लेक हवापालटासाठी तिकडे आली आहे, तिला तिथली हवा मानवत असेलच. (इथली हवाही काही वाईट नव्हती, पण असो.) मी ठणठणीत. नुसता ठणठणीत नाही, विजयी! 'पाट्या रंगवणारा जावई' म्हणून भर लग्नात नाक मुरडणाऱ्या तुमच्या जाऊबाईंना हे पत्र आवर्जून दाखवा. (पहिलंच पान दाखवलंत तरी पुरे.)

त्याचं असं झालं. इथल्या चर्चच्या भिंतीवर येशूची वंशावळ रंगवायचं काम मला मिळालं. कमिटीचे सेक्रेटरी शाळेत गणिताचे मास्तर. त्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान उघडून दाखवलं: अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, पुढे ज्यूंच्या बंदिवासापर्यंत चौदा, पुढे ख्रिस्तापर्यंत चौदा. चौदा त्रिक बेचाळीस, आखा चौकोन! मी आखले. मास्तरांनी सांगितल्यावर नावं मोजायची तसदी कोण घेतो? उभ्या तीन रांगा, सोनेरी कडा. सगळ्यात तळाचा मोठा चौकोन येशूचा, तो उत्साहाच्या भरात आधीच रंगवून टाकला. मग शिडीवर चढून वरून सुरुवात केली. अम्मीनादाब, यहोशाफाट, जरुब्बाबेल (ही नावं वीतभर चौकोनात बसवणं म्हणजे खायचं काम नाही) असं करत आठ दिवसांनी योसेफापर्यंत उतरलो आणि बघतो तर काय, योसेफ आणि येशू यांच्यामध्ये एक चौकोन रिकामा!

झाली बोंबाबोंब. पेंटरने एक पूर्वज गिळला, असं मास्तरांनी जाहीर केलं. रविवारी उद्घाटन, तोवर हिशेब जुळला नाही तर अख्खी भिंत पांढरी करायची आणि पुन्हा या बाजूला ब्रश घेऊन फिरकायचं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाळकसाहेबांनी पुस्तक वाचलं, मी बोटं दुमडली, मास्तरांनी खडूने रेघा मारल्या. तीनदा मोजलं. तिसऱ्या रांगेत मुळात पुस्तकातच तेरा नावं! पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, यावर विद्वान कधीपासून डोकं खाजवताहेत. खाजवू देत की, त्यांना कुठे भिंत रंगवायची होती! मग मास्तरांना लूकच्या शुभवर्तमानातली दुसरी यादी आठवली. तिथे योसेफाचा बाप याकोब नाही, एली. म्हणाले, एलीला घाला त्या जागी. म्हणजे योसेफाला दोन बाप, आणि त्यातला एक मुलाच्याही खाली! कमिटीत अशी जुंपली की कोणी कोणाचं ऐकेना.

आणि तेव्हा, सासूबाई, तुमचा जावई शिडीवर चढला. कोणाला काही न विचारता ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि रिकाम्या चौकोनात लिहिलं: मरीया. पाळकसाहेबांनी ओळ मोठ्याने वाचली, 'मरीयेचा पती योसेफ, तिच्यापासून येशू जन्मला', आणि चष्मा काढून डोळे पुसले. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तरांनी खालून वरपर्यंत मोजलं आणि ओरडले, बेचाळीस! मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी राहिलं.

मेहुण्यांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा कर्तबगार जावई

ता. क. पाळकसाहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो, शिडीवर एकदम सुचलं. शिडी धरून तुमची लेक उभी होती. आदल्याच दिवशी भाजी निवडताना ती म्हणाली होती, "अहो, त्या लेकराला आई नव्हती का?" माझं उत्तर ऐकून तिने शिडी सोडली, पिशवी उचलली आणि थेट तुमच्याकडची बस धरली. हवापालट वगैरे काही नाही. मी पडता पडता वाचलो.

ता. क. २. काल उद्घाटनाला मी सर्वांसमोर खरं सांगितलं. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, पण ऐकायला ती नव्हती. घर खायला उठतं. चुकलो म्हणावं. पत्र हातात घेत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा.

ता. क. ३. हे तेवढं मोठ्याने वाचू नका. समोरची भिंतही मलाच मिळाली आहे. लूकची यादी. सत्त्याहत्तर नावं, त्यात बाई एकही नाही, आणि मी पुन्हा न मोजताच चौकोन आखून बसलो आहे. तिला उद्याच्या पहिल्या बसने पाठवा.