बाहेर पडायचं कलम

२ मार्च

सातही प्रांतांतल्या बंधुभगिनींनो, तुमचंआमचं दुखणं एकच आहे. आपलं कोणी ऐकून घेत नाही.

(ही रोजनिशी आहे, सभा नाही. हात सवयीने गेला. असू दे, सुरुवात दमदार आहे.)

आज विजय. वरच्या प्रांताच्या विधानसभेचं कामकाज यापुढे त्यांच्याच भाषेत चालणार. ही मागणी मी इकडे खालच्या प्रांतात बसून वर्षानुवर्षं लावून धरली. बायको मूळची तिकडची. तिला बातमी सांगितली तर डोळे भरून आले. माझ्याबद्दलचा अभिमान. तसं विचारलं नाही, पण दिसतं.

५ मार्च

विधानसभेला आता दुभाषी लागणार. बायकोने परस्पर अर्ज केला होता. निवड झाली. वीस तारखेला रुजू. राहणार तिकडेच, बहिणीकडे.

तिला समोर बसवून संघराज्याच्या अखंडतेवर बोललो. तासभर तरी. नोट्स नव्हत्या, तरी रंगलं. शेवटी ती म्हणाली, "झालं? मग ताटं उचलते."

तिने विरोध नोंदवला नाही. विषय मिटला.

६ मार्च

मिटलेला नाही. तिने माळ्यावरून बॅग काढली.

संकल्प: तिची भाषा शिकायची. रोज दहा शब्द. जायच्या आधी तिला तिच्याच भाषेत थांब म्हणायचं. विरघळेल. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मनाने मला ती भाषा येतेच. फक्त शब्द बाकी आहेत.

९ मार्च

शब्द: एक. पाणी. बाकीचे राहिले, कारण वरच्या प्रांतातल्या सभेचं भाषण लिहितोय. विषय, सर्व भाषांची समानता. एका माणसाने काय काय करायचं?

सासरहून मुलीचा फोन. "बाबा, आईला एवढंच विचारा ना, की का जातेस." म्हटलं, बघू, सभेनंतर.

१३ मार्च, सकाळ

जालीम उपाय सुचला. घराचंच संघराज्य करायचं. स्वयंपाकघर, बाल्कनी आणि कपाटाची डावी बाजू यांना पूर्ण स्वायत्तता. केंद्राकडे, म्हणजे माझ्याकडे, फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि टीव्हीचा रिमोट. इतका उदार मसुदा जगात निघाला नसेल.

दुपार

बायकोने चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. मग म्हणाली, "अहो, यात बाहेर पडायचं कलम कुठंय?"

समजावलं की खऱ्या संघराज्यात ते नसतं, त्याची गरजच भासत नाही.

"मग मी नाही सही करत." आणि मसुद्यावर गरम पातेलं ठेवून कामाला लागली.

म्हणजे प्रस्ताव विचाराधीन आहे.

१७ मार्च

गेली. सकाळच्या बसने. जाण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा ते मला दोनदा दाखवलं.

ही तात्पुरती प्रशासकीय व्यवस्था आहे. मी खचलेलो नाही.

कपाट उघडून पाहिलं. डाव्या बाजूला फक्त हँगर. पूर्ण स्वायत्त प्रांत, लोकसंख्या शून्य.

२१ मार्च

सभा झाली. दरवर्षी बायको शेजारी उभी राहून माझं भाषण तिकडच्या भाषेत सांगते. दरवर्षी हशा, टाळ्या, मागचे लोक उठून उभे. यंदा भाड्याचा दुभाषी, एक निवृत्त मास्तर. शब्दाला शब्द, स्वल्पविरामसुद्धा गाळला नाही.

एक टाळी नाही. मूठ आपटली, तरी नाही.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मध्येच उठून काही विचारलं. मास्तर चाचरले. म्हणाले, ताई का नाही आल्या असं विचारतायत. फिरता दवाखाना कुठल्या वारी येणार ते आता कोण सांगणार?

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. मी इतिहासात शिरलो की बायको त्यांना दवाखान्याचे वार सांगायची, शाळेतल्या प्रवेशाचं सांगायची. मग हशा कशाला? मास्तर म्हणाले, साहेब, ते राहू द्या. मी नेट लावला. तेव्हा त्यांनी तिचं वाक्य सांगितलं: "हे आता मूठ आपटतील. लगेच जोरात टाळ्या वाजवा, म्हणजे लवकर आटपतील."

अर्थ स्पष्ट आहे. आरोग्यसेवा खेडोपाडी पोचली ती माझ्या भाषणांमुळे.

परतीच्या बसमध्ये शेजारच्याने न मागता रुमाल पुढे केला. खिडकीचा वारा झोंबतो डोळ्यांना.

२६ मार्च

वरच्या प्रांताची विधानसभा. प्रेक्षकांच्या सज्जात बसलो, कानाला हेडफोन. ती समोर काचेच्या खोलीत. खाली कोणी आमदार पाटबंधाऱ्यांवर बोलत होता आणि माझ्या कानात माझी भाषा, तिचा आवाज. सलग. मध्ये कोणी तोडत नव्हतं.

इतकं सलग बोलताना तिला मी कधी ऐकलंच नव्हतं. कामकाज संपेपर्यंत हललो नाही. पाटबंधाऱ्यांसाठी.

नंतर कँटीनमध्ये भेटली. येताना बसमध्ये तिच्या भाषेतलं वाक्य पाठ केलं होतं: तुझ्यावाचून माझं चालत नाही, परत ये. तोंड उघडलं आणि एकच शब्द निघाला. पाणी.

तिने उठून ग्लास भरून आणला. मी प्यालो. "अजून हवंय?" तिने विचारलं, तिच्या भाषेत. मला कळलं.

मान हलवली. तिने पुन्हा भरून आणला. मग घंटा झाली आणि ती आत गेली.

२८ मार्च

ठरलं. फोन करायचा, का गेलीस एवढंच विचारायचं आणि गप्प ऐकायचं.

२८ मार्च, फोननंतर

केला. ती म्हणाली, "हं, बोला." मी ऐकण्याच्या महत्त्वावर बोललो. छान जमून आलं होतं. तिसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हा ध्यानात आलं, पलीकडे कोणी नाही. तिने कधी ठेवला कोण जाणे.

बंधुभगिनींनो, म्हणजे मीच, घरात दुसरं कोणी नाही. उद्या सकाळी पुन्हा फोन लावा. "का गेलीस" एवढं विचारा आणि तिने ठेवेपर्यंत तोंड उघडू नका.