भरावाची खडूची तारीख

मी, खाणीतला निवृत्त भराव-मिस्त्री, वय एकाहत्तर, छाती अधू पण डोकं ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगतो आहे. माझा हात थरथरतो, म्हणून लिहिते आहे बायको.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक बायकोची.

२. थापी आणि ओळंबा लेकीला. ती इमारती बांधते. जावयाने हात लावू नये, त्याला सरळ खिळा मारता येत नाही.

३. लोखंडी पेटीच्या तळाचा गुंडाळलेला कागद साडूला, म्हणजे आमच्या सुरुंगवाल्याला. याचा खुलासा करणं भाग आहे.

धातू काढून रिकाम्या झालेल्या खोल्या मी वाळू-सिमेंटने भरत असे. शेजारचे बार साडू उडवी. बार साधला की लोक त्याची पाठ थोपटत. माझा भराव वर्षानुवर्षं डोंगर तोलून उभा, त्याला कोणी विचारलं नाही. घरी बायकोचंही तेच: "भावजींचे कपडे बघा, खाणीतून आल्यासारखे वाटतात का?" मी जळत होतो. आजही जळतो.

भराव पक्का व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात. तोवर शेजारी बार उडवला, तर हादऱ्याने तो ढासळतो. म्हणून भराव घातल्याची तारीख मी समोरच्या भिंतीवर खडूने लिहायची आणि साडूने ती बघून बार भरायचा. एकदा मी दहा दिवस आधीची तारीख लिहिली. वाटलं, थोडा भराव सुटेल, याचा तोरा उतरेल. अख्खा भराव कोसळला. पाळी बदलत होती म्हणून कोणी दगावलं नाही. दारू जास्त भरल्याचा ठपका ठेवून साडूचा परवाना काढून घेतला. पुढे निवृत्तीपर्यंत तो कामगारांना दिवे वाटत बसला. हादरा मापातच होता हे दाखवणारा यंत्राचा कागद मी लपवला. तो मी गेल्यावरच द्यावा. त्याचा आनंद मला बघवणार नाही.

४. इथे बायकोने पेन खाली ठेवलं. "मेल्यावर कशाला? आत्ताच बोलावते," म्हणाली, आणि बोलावलंच. सबब कलम तीन रद्द. कागद साडूच्या हाती दिला.

तो म्हणाला, "भराव हाताला ओला लागला होता रे. पण तारीख तुझी होती, म्हणून बार उडवला."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"तुझी लेक तेव्हा पाळण्यात होती."

म्हणजे इथेही तोच मोठा ठरला. आणि बायको त्याच्याकडेच बघत होती.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. साडू (सही)

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर.

दिनांक: १९ नोव्हेंबर २०१९. ही तारीख साडूच्या हातची आहे, ती खरी धरावी.