पुजलेला सेट

१४ ऑक्टो. १९९७, मंगळ.
झालं ते असं.
१. शनिवारी, दसऱ्याला, कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात अवजारांची पूजा. सुपरवायझर परेशभाईने केली. लूम, पाने-पकडी, गेटवरचा नवा वॉकीटॉकी सेट.
२. पुजलेला सेट मान म्हणून आण्णांना दिला. वॉचमनांत माझे वडीलच वयाने मोठे.
३. दिवेलागणीला टेम्पो घेऊन चौघं आले. सुताचे बॉक्स न्यायला.
४. आण्णांनी सेटचं बटण फिरवलं. चालू झाला नाही.
५. चोरांनी लूमच्या लाकडी दांड्याने त्यांचा जबडा फोडला. खाली पाडून उजवा हात शटरखाली धरला आणि शटर ओढलं. दोनदा.
६. आतल्या वॉचमनचा सेट चालू होता. त्याला काही ऐकू आलं नाही.
७. परेशभाईने शेठना सांगितलं, म्हाताऱ्याने मुद्दाम सेट बंद ठेवला, चोरांना सामील आहे. सेट चांगला निघाला की शेठ पोलिसात आण्णांचं नाव देणार.

आण्णा दवाखान्यात. जबडा तारेने बांधलाय. तीन बोटं काढली.

१५ ऑक्टो.
सेट मी काम करते त्याच दुरुस्तीच्या दुकानात आला. आमच्या लिंबायतला वॉकीटॉकी उघडणारं दुसरं कोणी नाही. परेशभाई स्वतः घेऊन आला. मी कोणाची मुलगी, त्याला ठाऊक नव्हतं.
"चालू करी आपो, बेन. अने लखी आपो के सेट पहेलेथी सारो ज हतो."
म्हणजे दुरुस्त करायचा, आणि वर बिघडलाच नव्हता असं लिहून द्यायचं.

बॅटरी काढली. भरलेली, मीटरवर ७.४. तिच्या पितळी टिकल्यांवर कुंकवाचा टिळा, वाळून कडक. टिळ्यात तांदळाचा दाणा. दाण्याने बॅटरी उचलून धरलेली, सेटला टेकतच नाही. सेटचा जीव जिथे, तिथेच, बॅटरी सुटी काढून, टिळा लावला परेशभाईने. श्रद्धेने लावला असणार.
नखाने खरवडला की चालू. सेट चांगला, आण्णा चोर.
हात लावला नाही.

संध्याकाळी दवाखान्यात. आण्णा तारेमागून, "पुजेल व्हता ना... त्या दिनले वापरतस नही. मी आधी चालू करी दखाच नही."
हातात आला तेव्हाच बटण फिरवलं असतं तर. पाणी पाजलं, नळीने.

१६ ऑक्टो.
काल घरी दिलीपला, भावाला, दाण्याचं सांगितलं. आज सकाळी रिक्षातली टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई, घेऊन कडोदऱ्याला गेला. परेशभाईचं नाक फोडलं, वरचे दात पाडले. ओरडत होता म्हणे, "तुझ्याच टिळ्याने सेट मेला! माझी बहीण दाखवेल शेठला!"
आता परेशभाईला टिळ्याचंही माहीत, माझंही. दिलीप लॉकअपमध्ये.
आई: "एक दवाखानामा, एक लॉकअपमा. आते तू तरी गप बस."

१७ ऑक्टो., शुक्र.
दुकानात दोघं आले. "परेशभाई का सेट निकाल."
मालक मनहरकाका गल्ल्यावर. "पावती बतावो."
पहिल्याने काकांचं डोकं काचेच्या कपाटावर आपटलं. दुसऱ्याने माझी वेणी मुठीत गुंडाळून तोंड टेबलावर दाबलं. ओठ फाटला. त्याचा दुसरा हात सेटकडे गेला. माझं सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं. त्याच्या मनगटावर टेकवलं. तो ओरडला. तेव्हा काढता आलं असतं. काढलं नाही, दाबलं.
गेले. सोल्डरच्या रोझिनच्या वासात तो दुसरा वास अजून आहे.

टाके पडताना काका म्हणाले, "बेटा, आख्खी जिंदगी बंद सेट चालू केले. बंद ठेवायला मार खाल्ला, असं हे पहिलंच गिऱ्हाईक."
हसताना टाका ताणला, मग शिव्या. डॉक्टरला.
संध्याकाळी आयर्नचं टोक घासून साफ केलं.

१८ ऑक्टो., शनि.
शेठना चिठ्ठी. मजकूर माझा, गुजराती काकांची. दिलीपचं त्यात काही घातलं नाही, ते वेगळं प्रकरण. इथे मराठीत उतरवून ठेवते.

शेठ,
तुमचा सेट दुरुस्त केलेला नाही. तुम्ही बघेपर्यंत करणारही नाही. आला तसा डब्यात बंद आहे, वर मनहरकाकांची आणि माझी सही. डबा दुकानात नाही.
पोलिसात नाव देण्याआधी तुम्ही स्वतः या. बॅटरी आहे तशी बसवीन, बटण तुम्ही फिरवा. चालू होणार नाही. मग बॅटरीवरचा टिळा त्यातल्या दाण्यासकट खरवडीन, पुन्हा तुम्हीच फिरवा. टिळा कोणी लावला, ते पूजेला उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. तुम्हीही तिथे होतात.
परेशभाई सोबत आले तरी चालेल. माणसं आणू नयेत.
येणार की नाही, ते बुधवार, २२ तारखेपर्यंत कळवा.